ज्याला कुणी मोजत नाही

पोस्ट लांब आहे. एसटीत बसला असाल किंवा दुकानात गिऱ्हाईक नसेल तर आत्ता वाचा, नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर. सुरुवात जर्मनीतून आहे, पण शेवट आपल्या गावातच आहे. म्हणून अर्ध्यात सोडू नका, एवढीच विनंती.

पुण्यात पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो तेव्हाचा माझा एक मित्र आहे. तो बातम्यांच्या धंद्यात टिकला नाही. शहाणा निघाला. मॅक्स म्यूलर भवनात जर्मन शिकला आणि आता भाषांतरं करतो. मागच्या आठवड्यात त्याने मला एक सिनेमा पाठवला, खाली इंग्रजी ओळी असलेला. सोबत एकच वाक्य : "तुझ्या धंद्यावर आहे, बघ."

सिनेमाचं नाव 'फ्री राइनर'. त्याला एक शेपूट आहे, त्याचा अर्थ होतो 'तुझा टीव्ही खोटं बोलतो'. साल २००७. दिग्दर्शक हान्स वाइनगार्टनर, मूळचा ऑस्ट्रियाचा. नायक मोरिट्झ ब्लाइबट्रॉय. 'रन लोला रन' ज्यांनी बघितलाय त्यांना हा चेहरा आठवेल, त्यातला लोलाचा मित्र. (त्याच सिनेमावरून २०२२ साली हिंदीत 'लूप लपेटा' आला होता.)

गोष्ट थोडक्यात सांगतो. राइनर हा एका खासगी वाहिनीचा निर्माता. नशा करायची, सुसाट गाडी हाणायची, लोकांवर खेकसायचं आणि वाहिनीसाठी एकाहून एक घाणेरडे कार्यक्रम काढायचे. त्याचा हिट कार्यक्रम कोणता, तर 'सुपरबेबी मिळवा' अशा अर्थाच्या नावाचा. त्यात पुरुष स्पर्धक असतात आणि शर्यत लागते त्यांच्या शुक्राणूंची. होय, बरोबर वाचलंत. स्टेजवर दिवे, टाळ्या, निवेदकाचा आरडाओरडा, आणि पडद्यावर कुणाचा शुक्राणू आधी पोचतो त्याची चुरस. मी एकटाच बघत होतो तरी दार लोटून घेतलं. मुलगी दहावीला आहे, तिने विचारलं असतं तर काय सांगणार होतो?

मग एक दिवस एक तरुण मुलगी मुद्दाम आपली गाडी राइनरच्या गाडीवर घालते. मुलीचं नाव पेगा. राइनर वाचतो. तिने असं का केलं याचा शोध घेताना त्याला कळतं की त्याच्याच वाहिनीने तिच्या आजोबांवर खोटी बातमी चालवली होती. आजोबांनी आत्महत्या केली. वाहिनीसाठी तो एका दिवसाचा मसाला होता, दुसऱ्या दिवशी नवीन मसाला आला.

राइनर हादरतो. ठरवतो की आता चांगला कार्यक्रम करायचा. करतो. पण तो कुणी बघत नाही, आकडे आपटतात. त्याला वाटतं, देश एवढा मूर्ख असूच शकत नाही, आकड्यांतच घोटाळा असणार. तो, पेगा आणि फिलिप नावाचा एक भित्रा, संशयी माणूस मिळून आकडे मोजणाऱ्या संस्थेच्या मागे लागतात. घोटाळ्याचा पुरावा काही हाती लागत नाही. मग राइनरच्या डोक्यात उलटी कल्पना येते. घोटाळा नाही ना? मग आपण करू! ही मंडळी बेकार लोकांची एक टोळी उभी करतात, आकडे मोजणाऱ्या पेट्या ज्या घरांत बसवल्यात तिथे जाऊन पेट्यांत गडबड करतात. लोक शुक्राणूंची शर्यतच बघत असतात, पण पेटी सांगते की हे घर माहितीपट बघतंय. वाहिन्यांच्या साहेबांना घाम फुटतो. झटपट सगळे 'चांगले' कार्यक्रम सुरू करतात. आणि गंमत म्हणजे समोर आलं म्हणून लोक ते खरंच बघायला लागतात.

सगळा सिनेमा असा ताणलेला आहे. नट ओरडतात, प्रसंग उड्या मारतात, काही ठिकाणी 'पुरे की आता' असं वाटतं. जर्मनीतही तो फारसा चालला नाही. ज्याचा विषयच आकडे, त्याचेच आकडे पडले.

पण मला हसू येईना. कारण अतिशयोक्ती म्हणून जे दाखवलंय, ते कधीच मागे पडलंय.

थोडा हिशेब मांडतो. जर्मनीत १९८४ च्या जानेवारीपर्यंत टीव्ही म्हणजे सार्वजनिक वाहिन्या, आपल्या दूरदर्शनसारख्या, पण सरकारच्या हातात नसलेल्या. मग खासगी वाहिन्या आल्या. २००० साली तिथे 'बिग ब्रदर' सुरू झालं. त्याच्या आदल्या वर्षी ते हॉलंडमध्ये जन्मलं होतं, आणि आपल्याकडे त्याचंच 'बिग बॉस' झालं. २००४ साली थोड्याफार प्रसिद्ध माणसांना जंगलात नेऊन किडे खायला लावणारा कार्यक्रम तिथे आला. म्हणजे वाइनगार्टनरने सिनेमा केला तोवर जर्मन प्रेक्षक काही कोवळा राहिला नव्हता.

आणि २००७ च्या जूनमध्येच शेजारच्या हॉलंडमध्ये काय झालं ते ऐका. एका वाहिनीने जाहीर केलं, मरणाच्या दारातली एक बाई थेट प्रक्षेपणात तीन रुग्णांपैकी एकाला आपली किडनी देणार. प्रेक्षकांनी मेसेज पाठवून सल्ला द्यायचा. जगभर बोंबाबोंब झाली, त्यांच्या संसदेत चर्चा झाली. कार्यक्रमाच्या शेवटी कळलं की बाई अभिनेत्री आहे. तीन रुग्ण मात्र खरे होते आणि त्यांना सगळं आधीच माहीत होतं. अवयवदानाची टंचाई लोकांच्या डोळ्यांपुढे यावी म्हणून केलेला हा बनाव होता. त्या वाहिनीचा संस्थापक स्वतः किडनीच्या आजाराने गेला होता. हेतू चांगला. पण मुद्दा असा की, कार्यक्रम खरा आहे यावर जगाने विश्वास ठेवला. कुणाला ते अशक्य वाटलं नाही.

त्याच्याही आधी, १९७० साली, जर्मन टीव्हीवर 'दास मिलियोनेनश्पील' नावाचा एक चित्रपट दाखवला होता. दहा लाख मार्कांसाठी एक माणूस आठवडाभर जीव वाचवत पळतो, मागे मारेकरी, आणि हे सगळं टीव्हीवरचा खेळ म्हणून. मध्ये खोट्या जाहिरातीसुद्धा. निवेदकाच्या भूमिकेत एक खराखुरा निवेदकच घेतला होता. सगळं कल्पित होतं. तरी वाहिनीला लोकांचे फोन आणि पत्रं आली. काहींनी निषेध केला आणि काहींनी विचारलं, भाग घ्यायला नाव कुठं नोंदवायचं?

१९७० साली. तेव्हा तिथं खासगी वाहिनी एकसुद्धा नव्हती. म्हणजे सगळा दोष वाहिन्यांचा, असं म्हणायचीही सोय राहिली नाही.

आता पेटीकडे येतो, कारण सिनेमाचा जीव त्या पेटीत आहे.

सिनेमा आला त्या काळात सव्वाआठ कोटी लोकांच्या जर्मनीत कोण काय बघतं हे साडेपाच हजारांच्या आसपास घरांवरून ठरत होतं. घरात टीव्हीला जोडलेली एक पेटी. रिमोटवर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं बटण. बघायला बसलात की आपलं बटण दाबायचं, उठलात की परत दाबायचं. रात्री सगळी नोंद फोनच्या तारेतून जायची आणि सकाळी साहेब लोकांच्या टेबलावर आकडे. त्यातही दोन गोष्टी माझ्या डोक्यात बसल्या. एक, त्या वेळी घरचा कर्ता जर्मन किंवा युरोपीय संघातला नागरिक असेल तरच ते घर मोजणीत यायचं. चाळीस वर्षं जर्मनीत कारखान्यात राबलेला, पण पासपोर्ट तुर्कस्तानचा असलेला माणूस रोज टीव्ही बघत असला तरी हिशेबात नव्हता. दोन, खासगी वाहिन्या जाहिरातदारांना मुख्यतः १४ ते ४९ वयाचा आकडा दाखवायच्या. पन्नाशी ओलांडली की तुम्ही बघता की नाही याने काही फरक पडत नाही.

पेगाच्या आजोबांचा विचार करा. वयाने ते मोजणीच्या बाहेर. मोजणीच्या बाहेरचा माणूस कार्यक्रमाचा कच्चा माल मात्र होऊ शकतो. त्याला वयाची अट नाही.

आपल्याकडे तर गणित आणखी अवघड. २०२० च्या सुमारास देशात टीव्ही असलेली जवळपास २० कोटी घरं, आणि बार्कच्या पेट्या बसवलेली घरं ४४ हजार. म्हणजे साधारण साडेचार हजार घरांमागे एक पेटी. आपल्या अख्ख्या गावाच्या नशिबी दोन आल्या तरी पुष्कळ. कुणाच्या घरी पेटी आहे हे गुपित ठेवायचं असतं. का, ते ऑक्टोबर २०२० मध्ये सगळ्यांना कळलं. मुंबई पोलिसांनी पत्रकार परिषद घेऊन आरोप केला की पेटी असलेल्या घरांना महिन्याला चारपाचशे रुपये देऊन ठरावीक वाहिनी लावून ठेवायला सांगितली जाते. इंग्रजी न कळणाऱ्या घरात दिवसभर इंग्रजी वाहिनी सुरू, असंही सांगितलं गेलं. त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणं थांबलं ते थेट मार्च २०२२ पर्यंत. पुढं २०२४ मध्ये तो खटला सरकारने मागे घेतला. कोण दोषी, कोण निर्दोष, हे मी सांगू शकत नाही. कोर्टाने ते ठरवलंच नाही.

पण गंमत बघा. वाइनगार्टनरचा राइनर पेट्यांत गडबड करतो ती चांगले कार्यक्रम यावेत म्हणून. तेरा वर्षांनी आपल्याकडे आरोप झाला तो नेमका उलट्या कामासाठी. सिनेमावाल्याची कल्पनाशक्ती एवढी भडक, तरी चारशे रुपयांचा हिशेब तिला सुचला नाही.

आता सिनेमाशी माझं भांडण काय ते सांगतो.

आमच्या धंद्यात एक वाक्य आहे. मोठ्या वाहिनीच्या संपादकापासून माझ्यासारख्या तालुक्याच्या बूमवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं : "लोकांना हेच लागतं." सिनेमा या वाक्याला उत्तर देतो की लोक चांगलेच आहेत, फक्त त्यांना चांगलं दाखवा. ऐकायला बरं वाटतं. पण मला पटत नाही. मी पंधरा वर्षं लोकांना बातम्या देतोय. पाणीपुरवठ्याच्या टेंडरवर महिनाभर कागद गोळा करून केलेली बातमी चारशे लोकांनी बघितली. मार्केट यार्डात दोन बैल झुंजले, तर चाळीस हजार. पेटी बदलून ते बदलेल असं मला वाटत नाही.

पण म्हणून ते वाक्य खरं ठरतं का? तर नाही. आकडा सांगतो की माणूस थांबला. का थांबला ते सांगत नाही. रस्त्यात अपघात झाला की आपण सगळे थांबतो, मान वळवून बघतो. याचा अर्थ आपल्याला रोज अपघात हवा असतो असा नाही. आणि रोज गर्दी जमते म्हणून कुणी रस्त्यावर तेल ओतायला लागला, तर त्याला आपण काय म्हणू?

त्याहून मोठी गोष्ट अशी की पेटी बघणाऱ्याला मोजते. ज्याच्यावर कार्यक्रम केला त्याला कुठलीच पेटी मोजत नाही. सिनेमात पेगाच्या आजोबांचा आकडा कुठेच नाही. राइनरला ते आकडे बघून कळलं नाही, त्यांची नात गाडी घेऊन अंगावर आली तेव्हा कळलं.

इथवर आलात तर आता गावात येऊ. हे लिहायला मला आठ दिवस लागले.

२०१९ ची दिवाळी. आपल्याकडे खव्याच्या भट्ट्या किती आहेत आणि दिवाळीला किती माल बाहेर जातो ते तुम्हाला सांगायला नको. वसुबारसेच्या आधी अन्न व औषध प्रशासनाचे लोक आले आणि पाच ठिकाणचे नमुने घेऊन गेले. नेहमीचीच तपासणी. माल जप्त नाही, दुकान सील नाही, काही नाही. नमुने घेतले, सह्या झाल्या, गाडी गेली.

मी तिथं पोचलो तेव्हा शेवटच्या दुकानासमोर गर्दी होती. मी लाईव्ह केलं. रात्री घरी बसून त्याचा व्हिडिओ बनवला. वर लाल अक्षरांत टाकलं : 'दिवाळीच्या तोंडावर विष? पहा खव्यात काय सापडलं!' आणि मागे त्या दुकानाची पाटी, नाव स्पष्ट वाचता येईल अशी. सापडलं काहीच नव्हतं. पण मी 'विष'पुढं प्रश्नचिन्ह टाकलं होतं. प्रश्नचिन्ह टाकलं की आपण सुटलो, हे डिप्लोमात शिकवत नाहीत. धंद्यात आपोआप येतं.

पाच ठिकाणी नमुने घेतले, मग पाटी एकाचीच का? खरं सांगतो. उरलेल्या चारांपैकी तिघं दिवाळीला माझ्याकडे जाहिरात द्यायचे. हे काका देत नव्हते. "माझा खवा लोकांना माहिताय, जाहिरात कशाला?" म्हणायचे. मी काही सूड म्हणून केलं नाही, तेव्हा तसं मनातही नव्हतं. पण पाटी निवडताना हात तिकडंच गेला.

तीन दिवसांत १ लाख ८४ हजार लोकांनी तो बघितला. माझ्या चॅनलचा तोवरचा सगळ्यात मोठा आकडा. पुण्यामुंबईतल्या आपल्या लोकांनी फॉरवर्ड केला. मुंबईच्या एका मोठ्या वाहिनीतून फोन आला, व्हिज्युअल मागितले. मी पेढे आणले. कुठल्या दुकानातून आणले ते विचारू नका.

काकांच्या दिवाळीच्या ऑर्डरी दोन दिवसांत रद्द झाल्या. तयार खवा शीतगृहात पडून राहिला. दूध घालणारे शेतकरी दुसऱ्या भट्टीकडे वळले, त्यांचंही चुकलं नाही, त्यांना आठवड्याला पैसे लागतात.

पावणेदोन महिन्यांनी नमुन्याचा अहवाल आला. खवा निर्दोष. काका स्वतः कागद घेऊन माझ्याकडे आले, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून. आवाज चढवला नाही. "एवढं दाखव बाबा," एवढंच म्हणाले. मी दाखवलं. सव्वा मिनिटाचा व्हिडिओ, वर साध्या अक्षरांत 'खव्याचा अहवाल प्राप्त'. अकराशे लोकांनी बघितला.

१ लाख ८४ हजार आणि अकराशे. हे दोन आकडे मला पाठ आहेत. फोनमध्ये रोज सकाळी उघडतो तो आकड्यांचा तक्ता, तीच माझी पेटी. राइनरला निदान दुसऱ्याच्या घरात जाऊन पेटी उघडावी लागली. माझी माझ्या खिशात होती.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि भट्टी कायमची बंद झाली. गाव म्हणालं, लॉकडाऊनमुळं बंद पडली. मीसुद्धा तेच म्हणत आलो. चारचौघांत विषय निघाला की मीच आधी म्हणायचो, "कोरोनाने फार लोकांना बसवलं हो." पण भट्टी दिवाळीपासूनच आठवड्यातून दोन दिवस पेटत होती, हे मला माहीत होतं. त्या गल्लीतून माझं रोज जाणं होतं. त्यांचा मुलगा आता चाकणला कंपनीत कामाला आहे. काका घरी असतात.

सिनेमातल्यासारखं काही झालं नाही. कुणी जीव दिला नाही, कुणी माझ्यावर गाडी घातली नाही. काका रस्त्यात भेटले तर आजही "काय पत्रकार, बरंय का?" विचारतात. कदाचित म्हणूनच मला सहा वर्षं झोप लागत राहिली.

सिनेमा बघितला त्या रात्री मात्र लागली नाही. परवा सकाळी त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चहा ठेवला. मी म्हणालो, "काका, त्या व्हिडिओबद्दल जाहीर माफी मागायचीय. तुमचं नाव घेऊन, पाटी दाखवून, अहवाल दाखवून. तेव्हा जेवढा मोठा केला होता तेवढाच मोठा करतो."

ते बराच वेळ कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता कशाला काढतोस ते? ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळंल. तू माफी मागशील, लोक एवढंच ध्यानात ठेवतील की खवा, भेसळ आणि माझं नाव."

मी गप्प बसलो. पत्रकारितेत पंधरा वर्षं काढली, पण ही गोष्ट मला खवा करणाऱ्या माणसाने शिकवली. चुकीची बातमी दुरुस्त करता येते, असं आम्ही मानतो. पण दुरुस्तीसुद्धा त्याच माणसाच्या अंगावरून जाते.

निघताना मी विचारलं, "मग नाव न घेता लिहू का?" म्हणाले, "तुझं नाव घेऊन लिही." काकू आतून हसल्या. तेही हसले थोडे.

म्हणून ही पोस्ट. नाव माझं आहे, त्यांचं नाही.

तो जुना व्हिडिओ मी आजवर काढला नव्हता. हे सगळ्यात लाजिरवाणं आहे, तरी सांगतो. अहवाल आल्यानंतरही तो तसाच होता, कारण दर दिवाळीला कुणीतरी शोधून बघायचं आणि थोडे पैसे यायचे. काल रात्री उघडला तेव्हा आकडा २ लाख ११ हजार होता. काढताना विचारलं जातं, हे कायमचं जाईल, नक्की ना? मी बटण दाबलं. ज्यांच्या फोनमध्ये तो फॉरवर्ड होऊन पडलाय, तिथलं बटण माझ्या हातात नाही. तुमच्याकडे असेल तर तुम्ही दाबा.

आणि इथून पुढं माझ्या चॅनलवर नमुना घेतला म्हणून कुणाची पाटी दिसणार नाही. अहवाल आला की दिसेल, मग तो जाहिरात देणाऱ्याचा असला तरी. यात काही थोर नाही, एवढं तर पहिल्या सत्रात शिकवलेलं असतं. मी मोडलं तर ही पोस्ट माझ्या तोंडावर मारा.

सिनेमा मिळाला तर बघा. भडक आहे, मुलं झोपल्यावर बघा. शेवट मला पटला नाही, पण पेगाच्या आजोबांसाठी बघा.

या पोस्टला किती लोक येतात ते मी बघणार नाही असं लिहिलं होतं. खोडलं. बघणारच. सवय अशी एका रात्रीत जात नाही.

काका कोण ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना कळलं असेल. खाली नाव लिहू नका. रस्त्यात भेटले तर रामराम घाला.